अण्णांनी बंद केलेली वाट

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी, बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला असलेल्या राखीव जंगलात, मला आमचीच वाट सापडेना.

निवृत्त झाल्यापासून मी तिथे स्वयंसेवक म्हणून जातो. ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत मारतहळ्ळीहून निघायचं. घाणेरी कापायची, वाहून गेलेली माती परत भरायची, पाण्यासाठी चर काढायचे... काम एवढंच.

जोडीला अण्णा असतात, माझ्याहून बरेच मोठे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. माझं पुणेरी बोलणं ऐकून म्हणतात, "जोशीराव, तुम्ही तोंड उघडलं की बातम्या लागल्यासारखं वाटतं."

उतारावर वळण टाळायला लोक चोरवाटा पाडतात. मग पावसाचं पाणी तिथूनच धावतं आणि माती घेऊन जातं. म्हणून आम्ही त्या बंद करतो.

त्याची एक पद्धत आहे. वाळक्या फांद्यांचे बुंधे जमिनीत रोवायचे, शेंडे चालणाऱ्याकडे ठेवायचे, वर पालापाचोळा पसरायचा. नुसता अडथळा घातला तर माणूस तो ओलांडून जातो... तिथे कधी वाट होती हेच कळता कामा नये.

या कामात अण्णांचा हात धरणारं कुणी नाही.

त्या रविवारी करंजाच्या झाडापाशी जो फाटा आहे, तिथली चोरवाट ते बंद करणार होते. मी खाली चर काढत होतो. आटोपून वर गेलो तर फाटाच दिसेना.

समोर चोरवाट उघडी होती. मुख्य वाट, जी आम्ही दोघांनी इतकी वर्षं सांभाळली, ती नव्हतीच. तिथे फक्त जंगल होतं.

अण्णा हातमोजे काढत उभे होते. "सरी आहे ना? बरोबर?"

मी नीट पाहिलं. एक फांदी सैल नव्हती. "छान झालंय," म्हणालो. मग ते चोरवाटेने उतरू लागले, सावकाश, जराही न अडखळता... आणि मी त्यांच्या मागून.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो आणि फांद्या उपसून कडेला टाकल्या. इतकं घट्ट काम मोडायला वेळ लागतो.

संध्याकाळी त्यांच्या मुलीला, सुधाला, फोन केला. दर रविवारी तीच त्यांना गेटवर सोडते. तिला नवल वाटलं नाही. हल्ली ते शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभे असतात, म्हणाली.

"काका, स्कूटर मी काढून घेतली. बँकेचं कार्ड काढून घेतलं. हे एकच उरलंय... हे तरी मला काढून घ्यायला लावू नका. तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. हातात कोयता, आजूबाजूला जंगल, आणि वाट न ओळखणारा माणूस. पुढच्या रविवारी त्यांना सांगायचं, आता पुरे.

रविवारी आम्ही फाट्यापाशी पोचलो. कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. अण्णांचं लक्ष कडेच्या फांद्यांकडे गेलं. वाकून त्यांनी एकेका बुंध्यावरून बोट फिरवलं. माती अजून चिकटलेली होती.

"कुणीतरी मन लावून केलं होतं हे. मोडलं कुणी हो?"

"मी."

"का?"

"जागा चुकली होती, अण्णा."

त्यांनी पुन्हा फांद्यांकडे पाहिलं. "अय्यो... त्याला सांगितलंत का?"

"नाही अजून."

"नका सांगू. हात चांगला आहे त्याचा. स्वल्प जवळ राहा त्याच्या, झालं."

त्यांना किती कळलं होतं, मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही, आणि विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मग आम्ही त्याच फांद्या उचलून चोरवाटेवर नेल्या. मी जागा दाखवत गेलो, ते रोवत गेले. पाला पसरून झाल्यावर ते मागे सरकून उभे राहिले आणि मान डोलावली.

रात्री सुधाला मेसेज केला, अण्णांना रविवारी पाठव. पुढे काय होणार हे तिलाही माहीत आहे, मलाही. त्यांच्या आठवणीतून आज फाटा गेला, उद्या करंज जाईल... मग कधीतरी मी.

जे सांगायला मी गेलो होतो, ते सांगण्यापासून अण्णांनी मला वाचवलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत असं फार वाटतं. पण ते मानायचे, तर सगळंच सांगावं लागेल.