पंचवीस भोकं आणि खोबरेल

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं. मालवणातल्या मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेला मी पहिलाच. वडील भातशेती करायचे. शाळेतल्या गुरुजींनी पाठीमागे लागून मला बी. कॉम. करायला लावलं, आणि जाहिरातही त्यांनीच कापून पाठवली. ही जागा म्हणजे त्यांचे उपकार, असं मी आजही मानतो.

यंत्र मुंबईच्या मुख्य कार्यालयाचं होतं. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपींची तोंडं, आणि पाठीमागे निरनिराळ्या जोडण्या: कळफलकाची गोल, प्रिंटरची रुंद, आणि तिच्या शेजारी पंचवीस पिनांची एक, मोडेमची. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून आकडे पाठवणारी चपटी पेटी. दर शनिवारी ट्रंककॉल लावायचा, मुंबईच्या साहेबांशी दोन शब्द बोलायचे, मोडेमचं बटण दाबायचं, की शिटी वाजून आठवड्याच्या मासळीचे आकडे तिकडे जायचे. संस्थेत एसी होता तो फक्त यंत्राच्या खोलीला. तिथे चपला काढून जायचं. पहिल्या दिवशी यंत्रापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणंही घातलं होतं.

डिसेंबरात लागोपाठ दोन शनिवार वीज गेली आणि आकडे गेले नाहीत. मुंबईहून पत्र आलं: येत्या शनिवारी माहिती टेलिफोनवरून न आल्यास यंत्र रत्नागिरीला हलवण्यात येईल. यंत्र हललं की माझी जागाही संपणार होती. त्या पत्राबद्दल मी घरी कळवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी सगळं एकदा नीट तपासावं म्हणून मी यंत्राच्या पाठीमागे वाकलो. मोडेमच्या जोडणीचे दोन्ही स्क्रू तांबूस झाले होते. यंत्रासोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात, शब्दकोश घेऊन वाचलेलं, एक वाक्य होतं की जोडण्या गंजण्यापासून जपाव्यात. खाऱ्या वाऱ्यात लोखंड कसं जपतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्याकडे कोयता, विळी, कुलूप, सगळ्याला खोबरेल लावून ठेवतात. माझ्या भाड्याच्या खोलीवरची बाटली आणली. स्क्रूंना लावलं, पिनांना लावलं, आणि केबलच्या पंचवीस भोकांत काडीने एकेक थेंब सोडला. काम चोख झालं, या समाधानात खोलीवर परतलो.

शनिवारी अकराला कॉल लागला. मी बटण दाबलं. मोडेमवरचा लाइनचा दिवा लागला, यंत्राचा दिवा लागेना. शिटी आली ती मुंबईकडून, आमच्याकडून काहीच नाही. यंत्र बंद करून सुरू केलं. पुन्हा तेच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडून देणाऱ्या ताईंचा आवाज मध्ये आला. "काय रे, तुझ्या यंत्राक आज तोंड फुटणा नाय? तीन मिनिटां झाली. वाढवू?"

"वाढव गो ताई."

तीनदा वाढवून घेतलं. शेवटी मुंबईचे साहेब म्हणाले, "पाच वाजता मी इथलं यंत्र बंद करतो. त्यानंतर कॉल करू नका."

मी खुर्चीत बसून राहिलो. घरी काय सांगायचं, गुरुजींना कसं तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. वायर ओढून पाहिली, वीज मोजली, फ्लॉपी बदलली. दोन वाजले तेव्हा, बाकी काही उरलं नाही म्हणून, मोडेमची केबल उपटली. भोकांत पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. नखाने उकरलं आणि वास आला. थंडीच्या सकाळी बाटलीत खोबरेल गोठतं, तसं ते एसीत गोठलं होतं. पिनांवर, पितळेच्या भांड्यावर धरतो तसा, हिरवट कळकही धरू लागला होता.

संस्थेचे शिपाईकाका दारात उभे होते. "ह्यां काय रे?"

"खोबरेल. मीच लावलंय."

त्यांनी वाकून पाहिलं. "केसांक लावतत ता यंत्राक लावलंस? आता वेणी घाल तेका." मग माझा चेहरा पाहिला, आणि न सांगता समोरच्या दवाखान्यातून कंपाउंडरकडून स्पिरिटची बाटली घेऊन आले. त्यांनी एसी बंद केला. मी सुईला कापूस गुंडाळून एकेक भोक पुसत गेलो. मोजणी मधेच चुकायची आणि पहिल्यापासून धरावी लागायची.

साडेचारला अर्जंट कॉल मागितला. ताई म्हणाल्या, "लाइन भरलेली आसा. बघतंय." पाचला सात मिनिटं असताना घंटी वाजली. दोन्ही दिवे लागले. आकडे गेले.

संस्थेचे व्यवस्थापकसाहेब शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "लाइन खराब होती म्हणून सांग." तेवढ्यात मुंबईने विचारलं, "सकाळी काय बिघडलं होतं?" लाइनवर ताई होत्या. सकाळपासून तीनदा त्यांनी माझ्यासाठी लाइन धरून ठेवली होती. त्यांच्या माथी हे मारणं माझ्याने होईना.

"मी जोडणीला तेल लावलं होतं, साहेब. गंजू नये म्हणून."

"कसलं तेल?"

"खोबरेल."

"लेखी कळवा," आणि फोन बंद.

त्याच संध्याकाळी सगळं लिहून पोस्टात टाकलं. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, "स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिलास बाबा." पुढचे तीन आठवडे पोस्टमन फाटकात दिसला की मी काम टाकून दाराशी जायचो. रविवारी घरी गेलो तरी जेवण जाईना. आई विचारायची, मी ऊन लागलं म्हणायचो. ऐन थंडीत.

चौथ्या आठवड्यात पाकीट आलं. आत किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांना पाठवलेलं एक परिपत्रक होतं: यंत्राच्या जोडण्यांना कोणतंही तेल लावू नये, गंज दिसल्यास कळवावं. माझ्या नोकरीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी कागद उलटसुलट पाहिला. मग पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. 'कॉम्प्युटर ऑपरेटर, मालवण केंद्र.'

शिपाईकाकांना दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे आसंस तू अजून."