कोर्टानं नेमलेले साहेब
हुरडा भाजल्याचा वास आला की मी तिथून उठते. आईवडिलांच्या भांडणात मी कुणाकडं राहायचं, हे ठरण्याआधी माझं म्हणणं ऐकायला कोर्टानं एक वकील नेमले होते. ते तामलवाडीला वडिलांच्या शेतावर आले. आगटीजवळ मी आजीला खेटून बसलेली, खांद्यावर वडिलांचा हात. "इथं करमतंय ना, बाळ?" वकीलसाहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आजी म्हणाली, "लई रमलीय, साहेब." साहेबांनी मान डोलावली आणि आणखी हुरडा मागितला. कोर्टात त्यांनी सांगितलं, मुलीला वडिलांकडंच राहायचंय. मला आईकडं जायचं होतं. आज माझी लेक तेव्हा मी होते तेवढीच आहे, तरी अंगाचा तिळपापड होतो. 'पोरीला बाजूला घेऊन बोललात का?' एवढंही त्या माणसाला कुणी विचारलं नाही.