खाडीवरची राखण

आमच्या घराण्यात पक्षी बघत नाहीत, हाकलतात.

मुखेडजवळ आमचं गाव. ज्वारी दाण्यावर आली की आमची माय शेतातल्या माळ्यावर चढायची आणि दिवसभर पाखरं राखायची. तिच्या एका आरोळीनं आमच्या रानातली पाखरं तर उडायचीच, पण शेजारच्या रानातली माणसंही दचकून खुरपी टाकायची! शाळा सुटली की मीही तिच्या शेजारी उभा राहून गोफण फिरवायचो. पुढे शिकलो, लातूरला कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, आवाज मऊ केला, गोफण विसरलो. (असं मला वाटत होतं.)

अशा घरात पल्लवी जन्मली. माझी एकुलती एक पोरगी, आणि तिला वेड कशाचं, तर पक्ष्यांचं! मी मात्र ती पाळण्यात होती तेव्हापासून आमच्या दारावर 'डॉ. पल्लवी' अशी पाटी बघत आलो होतो. लातुरात राहून पोरीला डॉक्टर करायचं नाही, तर लातुरात राहायचं कशाला? नीटमध्ये तिला पहिल्यांदा मार्क कमी पडले. दुसऱ्यांदा त्याहून कमी पडले. मी तिसऱ्यांदा क्लास लावायचं ठरवलं आणि पोरगी बोलायचीच बंद झाली. 'हं' आणि 'नको' एवढ्या दोन शब्दांवर तिनं सगळा पावसाळा काढला. मी विनोद सांगून पाहिले. तेव्हा पल्लवीच काय, माझी बायको सुनंदासुद्धा उठून आत गेली. घरात माय धरून चार माणसं, आणि आवाज फक्त फ्रिजचा. मी पार खचून गेलो होतो.

शेवटी संक्रांतीच्या सुमारास म्हणालो, "मालवणकडे जाऊ या. तिथं एका खाडीत पक्ष्यांसाठी राखीव जागा आहे. हिवाळ्यात परदेशातून थवेच्या थवे येतात म्हणे."

पल्लवीनं मान वर केली. "खरंच?"

नवा शब्द! मी त्याच दिवशी गाडी ठरवली.

"म्या बी येते," माय म्हणाली.

"ये, पण तिथं वरडायचं न्हाई."

"कामून?"

"आपण पाखरं बघायला चाललोत, माय."

"निस्ती बघायची? आन मग?"

आता 'मग' काय, हे मलाही माहीत नव्हतं. ओरडणार नाही अशी पल्लवीची शपथ मी तिला घ्यायला लावली. पण माझा विश्वास बसेना. निघायच्या दिवशी तिची पिशवी तपासली, तर तिळाच्या लाडवांच्या डब्याखाली गोफण!

"हे काय हाय?"

"गोफण."

"ते दिसून रायलंय मला! घेतलीस कशाला?"

"तूच म्हन्लास, थवेच्या थवे हायत. लागंल की."

मी गोफण जप्त केली आणि पुन्हा तिच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या खिशात ठेवली. (मोठी अक्कल चालवली!)

खाडीवर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. होडीवाल्यानं आम्हाला काठावर उतरवून कांदळवनाच्या आडोशाला बसवलं आणि बजावलं, "आवाज करू नकात हां. थवो एकदा बिथारलो की मगे परत येवचो नाय." शेजारी पुण्याची मंडळी बसली होती. त्यांचे कॅमेरे दुधी भोपळ्याएवढे लांब, आणि शिस्त अशी की शिंकसुद्धा गिळत होती. आमच्याकडे पल्लवीचा मोबाइल, आणि माय. मायनं गुपचूप सगळ्यांच्या हातावर एकेक लाडू ठेवला. पुणेकरांच्याही.

मी पाण्याकडे बघतच नव्हतो. माझी सगळी नजर मायच्या तोंडावर.

"माय, लाडू तोंडात धर. गिळू नको."

"गप बस रे," माय कुजबुजली, "पाखरं उडतील."

ओहोटी लागली होती. समोर चिखलाचा पट्टा उघडा पडत होता. आणि एकाएकी पल्लवीनं माझं मनगट घट्ट धरलं. "पप्पा, आले! ते बघा, समुद्रावरून वळले!" अख्खी वाक्यं! आणि ती हसायच्या बेतात होती, अगदी ओठांच्या टोकापर्यंत हसू आलं होतं. मी समोर पाहिलं. भलामोठा थवा एकदम तिरका झाला, चमकला आणि खाली उतरायला लागला. ज्वारीवर उतरतो ना, अगदी तसा.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. माझं मन मालवणात होतं, पण हातपाय मुखेडला गेले.

"हाऽऽऽ हुर्र्र्र्र! हाऽऽऽ!"

गोफण खिशातून कधी निघाली, हातातला लाडू तिच्यात कधी बसला, देवाला ठाऊक! लाडू सुसाट गेला आणि चिखलात रुतला. थवा उडाला. पलीकडचे बगळे उडाले. ज्यांना बघायला कुणीही आलं नव्हतं ते कावळेही उडाले. राखीव जागेत राखीव म्हणून उरलो फक्त आम्ही.

"अहो, काय केलंत हे!" पुण्याचे एक गृहस्थ रडवेले होऊन म्हणाले. "अंधारात येऊन बसलोय आम्ही इथे!"

"सवय..." मी म्हणालो.

होडीवाल्यानं कपाळाला हात लावला. सुनंदानं पदरात तोंड लपवलं. माय तेवढी माझ्या हाताकडे बघत होती. "मनगट लई ढिलं झालं रे तुझं, बाळू. लाडू बी वाया गेला."

पल्लवीकडे बघायची माझी हिंमत होईना. संपलं, मी मनाशी म्हणालो. आता 'हं' आणि 'नको'सुद्धा गेलं. ती मटकन चिखलात बसली होती आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. मी घाबरून वाकलो, तर पोरगी हसत होती! पोट धरून, आवाज करून हसत होती. हसता हसता रडायला लागली, आणि मग मात्र खरंच रडली. मी तिच्याशेजारी चिखलात बसलो.

"पप्पा, मला परत क्लासला नका पाठवू. मला डॉक्टर नाही व्हायचं. मला पक्ष्यांचाच अभ्यास करायचाय."

मी तोंड उघडलं. पण हातात गोफण धरून कसला उपदेश करणार?

"हाव म्हण की आता," माय म्हणाली. "आजून काय काय उडवतोस?"

"हाव," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, फार दुखलं. इतक्या वर्षांची पाटी होती ती.

आता पल्लवी प्राणिशास्त्र शिकते. रोज सकाळी गच्चीवर कॅमेरा लावून बसते. शेजारी माय बसते, चक्क गप्प! एकदा मी कौतुकानं चहा घेऊन वर गेलो आणि खोकलो, तेव्हापासून मला तिथं बंदी आहे.

पण पोरीच्या हातून घरात एक पाटी लागावी ही माझी इच्छा मात्र पुरी झाली. जिन्याच्या दारावर तिनं स्वतः रंगवून लावली आहे: 'राखीव क्षेत्र. पप्पांना प्रवेश नाही.'