डावा हात आणि उघडं दार

आप्पांनी डाव्या हातानं पाण्याचा मग फेकून मारला. माझ्या कपाळाला लागला. मी लुंगीची गाठ सोडायला गेलो होतो, एवढंच.

"सांगितलं होतं ना मामा, आधी हात बांधा," असं म्हणत त्यांच्या सूनबाईंनी जुन्या साडीची पट्टी पुढं केली. आधीचा माणूस तो हात खाटेला बांधूनच स्पंज करायचा. स्पंज म्हणजे ओल्या फडक्यानं अंथरुणातच अंग पुसणं.

"मंडपाचा बांबू आहे का बांधायला?" मी म्हटलं.

परळच्या एका हॉस्पिटलात मी बत्तीस वर्षं वॉर्डबॉय होतो. तिथं आम्हाला मामाच म्हणतात. रिटायर झालो, मग बायको गेली. घरात भिंतींशी काय बोलणार? म्हणून घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून अशी कामं घेतो. ही केस फणसवाडीतल्या चाळीतली. लकव्यानं आप्पांची उजवी बाजू गेलेली, तीन महिने तोंडातून शब्द नाही. मुलगा सरळ बोलला, "रविवारपर्यंत बघतो. नाहीतर आश्रमात ठेवतो. बायकोनं किती मार खायचा?" मी ब्युरोच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बांधा आणि मोकळे व्हा."

दोन दिवस मी स्पंज केलाच नाही, नुसतं बघितलं. भरवताना आप्पा एकदम शांत. लुंगीला हात लावला की मारामारी. आणि तेव्हा नजर माझ्याकडे नाही, दाराकडे. खाट दाराशीच, दार सताड उघडं, गॅलरीतून सगळा मजला ये-जा करणार. जाता जाता विचारणार, "काय आप्पा, अंघोळ का?" चाळीत दिवसा दार लावायची पद्धतच नाही.

ती नजर माझ्या ओळखीची. माझी बायको, आमची शालन, शेवटी माझ्याच हॉस्पिटलात होती. बेडपॅन द्यायच्या वेळी तिनं चादर मुठीत घट्ट धरली. समोर दुसऱ्या पेशंटची माणसं उभी. तेव्हा मी धावत जाऊन पडद्याचा स्टँड आणला. नोकरीत असताना तो कोपऱ्यातच पडलेला असायचा. घाईत कोण आणतो? मीही आणला नाही.

तिसऱ्या दिवशी मी दाराला कडी घातली. "आप्पा, दार लावलंय. आता लुंगी सोडतो." डावा हात वर आला. मी कपाळ सांभाळलं. हात माझ्या खांद्यावर येऊन टेकला.

पाच मिनिटांत बाहेरून थापा. शेजारच्या कुंदाताई. "अगं, दार का बंद? आप्पा गेले की काय?" सूनबाई घाबरून कडी काढायला धावल्या. तेवढ्यात खाटेवरून जड जिभेनं आवाज आला.

"आहे अजून. अंघोळ करतोय."

सूनबाई तिथंच खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. बाहेरून कुंदाताई म्हणाल्या, "बरं बरं, होऊ दे सावकाश."

रविवारी मुलानं आश्रमाचं नाव काढलं नाही. दोन खिळे ठोकले, तीच साडीची पट्टी ताणली आणि तिच्यावर पडदा टाकला. आप्पा आता फक्त दाढी करताना शिव्या देतात. तेवढं चालतं.

पेशंट मारायला लागला की हात बांधायच्या आधी दार बघावं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी शिकवलं नाही. शालननं शिकवलं, तेही जाता जाता.