दुसऱ्या खोलीतून आलेला फोन

ऑपरेटरबाईंची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. निवृत्तीनंतर त्या घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागल्या, पण त्या शाळकरी पोरांच्या. मोठ्या माणसाला शिकवायची पाळी आली ती लिफ्टवाल्यांमुळे.

लिफ्टवाले एका लिफ्ट कंपनीत दुरुस्तीचं काम करायचे; बाईंच्या इमारतीची लिफ्टही तेच सांभाळायचे. पन्नाशी ओलांडलेला, कामात वाकबगार माणूस, पण इंग्रजी म्हटलं की तोंडाला कुलूप. कंपनीनं शहरभर नव्या धाटणीच्या लिफ्ट बसवल्या आणि पंचाईत झाली. काही अडलं की परदेशातल्या इंजिनिअरला फोन लावायचा आणि तो सांगेल तसं करायचं. त्याला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

"बाई, तो काहीही बोलला तरी मी येस म्हणतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "कळलं तरी येस, नाही कळलं तरी येस. एखाद्या दिवशी हे येस कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

समोर बसून ते बरं बोलायचे. बाईंच्या ओठांकडे टक लावून अर्थ काढायचे. हे ध्यानात आल्यावर बाई एक दिवस उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांना फोन लावला. बाहेरच्या खोलीत लिफ्टवाल्यांना घाम फुटला.

"आर यू अ हॉर्स?" बाईंनी विचारलं.

"येस."

भाजी निवडत बसलेल्या बाईंच्या धाकट्या बहिणीची हसता हसता पुरेवाट झाली. लिफ्टवाले मात्र खजील झाले. त्या दिवशी बाईंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली. कळलं नाही तर म्हणायचं, से अगेन, प्लीज.

"सारखं विचारलं तर त्याला वाटेल, हा अगदीच ठोंब्या आहे."

"वाटू दे. मी दिवसभर लोकांना परत परत विचारायचे. काही चिडायचे. पण चुकीचा नंबर जोडून दिला, तर मात्र माझी धडगत नसायची."

तेव्हापासून शिकवणी फोनवरच चालू झाली. बाई मुद्दाम भरभर बोलत, शब्द गिळत. बहीण शेजारी नळ सोडून ठेवी, भांडी आपटी. लिफ्टवाले हळूहळू धिटावले. आता ते येसच्या आधी जरा थांबायला लागले होते.

एके दिवशी ते दुपारच्या शिकवणीला आलेच नाहीत. एरवी यायला उशीर होणार असेल तर आधी कळवणारा माणूस. थोड्या वेळानं त्यांच्या बायकोचा फोन आला.

"ते तुमच्याकडे आलेत का हो? एका ऑफिसात लिफ्ट मध्येच अडकलीये म्हणे, आत माणसं आहेत. सकाळी गेलेत, फोन उचलत नाहीत."

"काही कळलं की लगेच सांगते," बाई म्हणाल्या. आपणच त्यांना छान, छान म्हणत हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की काय, या विचारानं त्या घरभर येरझाऱ्या घालू लागल्या. बहिणीनं दिलेला चहा समोर निवून गेला.

उन्हं उतरताना बेल वाजली. दारात लिफ्टवाले, सदरा ग्रीसनं माखलेला.

"सुटली माणसं," ते आत येतायेताच म्हणाले. "एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांची सून. म्हातारबाबांनी बाहेर पाऊल टाकल्यावर आधी बाथरूम कुठंय ते विचारलं."

बाईंनी खुर्ची पुढं ओढून त्यांना बसवलं. "आणि इंजिनिअर?"

"तो म्हणाला, यू कॅन रिलीज द ब्रेक. निदान मला तसंच ऐकू आलं. हात ब्रेकवर गेलासुद्धा होता. पण कॅनच्या शेवटी काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, से अगेन. त्यानं परत सांगितलं, मला परत तेच ऐकू आलं. तिसऱ्यांदा तो ओरडला, मग तर काहीच कळेना. शेवटी मी म्हटलं, ब्रेक, येस ऑर नो?"

"मग?"

"नो म्हणाला. चार वेळा म्हणाला. आधी दुसरंच काहीतरी सोडवायचं होतं. ते त्यानं सावकाश सांगितलं. प्रत्येक गोष्ट मी त्याला म्हणून दाखवली, मगच हात लावला."

बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "कॅन आणि कॅन्ट. फोनवर दोन्ही सारखेच वाटतात. हे मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं."

"मग आता शिकवा."

"आत्ता? दमला असाल."

"आत्ताच शिकवा. सदऱ्याची ही अशी दशा. घरी गेलो तर बायको घाबरेल."

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि फोन लावला. बाहेर घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. बहिणीनं डोकावून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. लिफ्टवाले खुर्चीतच मान टाकून गाढ झोपले होते.

बाईंनी फोन बंद केला आणि त्यांच्या बायकोला लावला. "अगदी सुखरूप आहेत. इथंच झोपलेत."

पलीकडून आधी रडू फुटलं, मग हसू. "जेवलेत का?"

"नसावेत."

"मग उठवू नका. मी डबा घेऊन येते."

ती आली. लिफ्टवाल्यांना जाग येईपर्यंत तिघी बायका स्वयंपाकघरात हलक्या आवाजात गप्पा मारत बसल्या.