आईची सुकट आणि 'हेल्प'चं कुटुंब

मंडळी, आत्ताच घडलंय, सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाबा गेल्यापासून आई चारकोपला माझ्याकडे असते. "आता माझा कोण असा?" हे तिचं मालवणी पालुपद रोजचं. पण परदेशी सुनेशी, म्हणजे माझ्या वहिनीशी, फोनवर बोलायचंय, म्हणून इंग्रजी शिकतेय.

आज संध्याकाळी ती सुकट निवडत होती आणि मी 'हेल्प'चं अख्खं कुटुंब शिकवत होते. हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस.

"हेल्पलेस म्हणजे?"

"ज्याला कोणाचाच आधार नाही असा."

तिचा हात थांबला. वाट लागली, म्हटलं, आता रडणार.

"पण तो हेल्पच्याच घरातलो ना? मगे एकटो कसो?"

मी शेजारी बसून सुकट निवडायला लागले. यापुढे आणखी काय शिकवणार, सांगा ना?