संकष्टीचं पाणी

पाणी माझ्या छातीला लागलं होतं. एका हाताने मी किनाऱ्याकडच्या खडकाची कड धरली होती. दुसऱ्या हातात एका मुलीची वेणी होती, कारण धरायला दुसरं काही सापडलं नाही. ती ओरडत होती.

"ओरडू नको, तोंडात पानी जाईल," मी म्हटलं.

तिच्यामागे त्यांचे सर उभे होते. घळीच्या पलीकडून ते एकेकाला माझ्याकडे ढकलत होते. "मावशी, हिला घ्या," म्हणाले. ही शेवटची होती. मी तिला ओढलं, वळून किनाऱ्याकडे लोटलं. परत बघितलं तेव्हा लाट फुटून गेली होती आणि सर होते तिथे कोणी नव्हतं.

आमचं गाव काशीदच्या पुढे. ओहोटीला समुद्रातला काळा कातळ उघडा पडतो. कातळ आणि किनारा यांच्या मधे एक घळ आहे. भरती लागली की आधी ती घळ भरते, म्हणजे कातळावरच्या माणसाच्या पाठीमागून पाणी येतं. पुढे बघणाऱ्याला ते कळत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून त्या कातळाला चिकटलेले शिंपले फोडून कालवं काढते. माझी शाळा चौथीपर्यंत.

सर मुंबईच्या एका कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवायचे. दर थंडीत मुलांना घेऊन यायचे. कातळ फोडून वर आलेली दुसऱ्याच दगडाची एक लांब भिंत तिथे आहे, ती दाखवायला. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "दगड बघायला एवढ्या लांब? मुंबईत दगड न्हाय काय?"

"आहेत मावशी, पण त्यांच्यावर बिल्डिंगी आहेत."

माणूस बरा होता. भाकरी मागून घ्यायचा. आणि मला विचारल्याशिवाय कातळावर पाय ठेवायचा नाही.

भरतीचा हिशेब आम्ही तिथीवरून करतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. त्या दिवशी मला संकष्टीचा उपास होता. सरांनी विचारलं, "किती वाजेपर्यंत थांबू?" मी म्हटलं, "आज चतुर्थी. नऊला ओहोटी. साडेदहापर्यंत खुशाल थांबा."

संकष्टी धरतात ती चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी. त्या सकाळी तृतीयाच होती, चतुर्थी संध्याकाळी लागत होती. कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी उपास बघितला, तिथी बघितली नाही. पाणी पाऊण तास आधीच फिरलं होतं.

उपासाला मी कालवांना हात लावत नाही. म्हणून कातळावर नव्हते, किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसले होते. कातळावर असते तर पायाला कळलं असतं.

नंतर पोलीस आले, कॉलेजची माणसं आली. सगळे म्हणाले, समुद्राचं काही सांगता येत नाही. मी गप्प बसले. समुद्राचं सांगता येतं. मला येत होतं.

कॉलेजने मुलांना आणणं बंद केलं. काही वर्षांनी ती वेणीवाली मुलगी आली. आता ती त्याच कॉलेजात शिकवते. केस कापलेत. दोन दिवस कातळावर फिरून तिने सगळीकडून चित्रण केलं. मुलं आता वर्गातच डोळ्यांना जाड चष्मा लावतात आणि कातळ बघतात. त्याला ती व्हर्च्युअल फील्ड ट्रिप म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने तो चष्मा माझ्या डोळ्यांना लावला.

माझाच कातळ होता. मी कालवं फोडलेल्या पांढऱ्या खुणासुद्धा दिसत होत्या. सरांची भिंत होती. मी मान मागे वळवली. घळ कोरडी होती.

"हिच्यात पानी कधी येतं?"

"यात येत नाही मावशी. कितीही वेळ थांबा. कोणाला धोका नाही."

"मग तुझी पोरं हितं आली तर मरतील, बाय."

मी चष्मा काढला आणि तिला तिथीचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला सांगत होते. ती वाळूत बसली.

"आम्हाला वाटलं सरांचं घड्याळ चुकलं," ती म्हणाली. "त्यांच्या घरीसुद्धा तेच वाटतं."

"घड्याळ बरोबर होतं. त्यांच्या घरी सांग. चुकीची वेळ मी दिली म्हणून सांग."

तिने चष्मा उचलून पिशवीत ठेवला. मला वाटलं, उठून जाईल. गेली असती तरी मी काही म्हटलं नसतं. मग तिने विचारलं, "कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

दुसऱ्या दिवशी कॅमेरा किनाऱ्यावर ठेवला आणि घळ भरेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही. पाणी मागून कसं येतं ते सगळं त्यात आलं. घळ भरल्यावर मी पुढे उभी राहिले आणि माझी चूक सांगितली. तिथी, वेळ, सगळं. रडले नाही. पाठ झालेलं होतं.

आता तिच्या वर्गात आधी ते दाखवतात, दगड नंतर. तिने फोन करून सांगितलं. सरांच्या घरीही ती जाऊन आली. ते काय म्हणाले, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या दिवशी कातळावर एकवीस मुलं होती. एकवीसही वाचली. मी वाचले. सर वाचले नाहीत.